वयातील अंतर आणि संसाराचा हिशेब
(सातपूर, जि. नाशिक येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या हा माझा विषय आहे. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या याविषयी मी नेहमी बोलतो. आज मात्र नवरा-बायकोच्या वयातील अंतराविषयी बोलणार आहे. शेतीच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण शेती ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेल्यावर ती कोणी व कशाच्या आधारावर करावयाची, हा प्रश्न शेतीचाच आहे.

बाजरी आणि तुरीचे आंतरपीक आपणा सर्वांना माहीत आहे. दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर. बाजरी तीन महिन्यांच्या आत निघते आणि तूर त्यानंतरही दोन-अडीच महिने शेतात उभी असते. बाजरी काढली म्हणून कोणी तुरीची राखण सोडीत नाही. उलट खरी शेंग त्यानंतरच धरते. संसारात मात्र आपण सगळे नियोजन घरधन्याच्या हयातीपुरते करतो. त्याच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असलेल्या बायकोला पुढे किती वर्षे काढावयाची आहेत, हे मोजत नाही. आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे : ज्या घरात असे अंतर आहे, त्या घराचा हिशेब धाकट्या जोडीदाराच्या वयाने मांडावा.

हे अंतर आजही आहे

जरठ-कुमारी विवाहावर गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत शारदा' हे नाटक लिहिले, ते १८९९ साली रंगभूमीवर आले. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि १९७८ मध्ये मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ वर्षे ही वयोमर्यादा ठरली. त्यामुळे तो जुना प्रकार मागे पडला. तरीही मोठे अंतर असलेली जोडपी आपल्या गावांत आहेत. पहिली पत्नी वारल्यावर झालेले बिजवराचे लग्न, जबाबदाऱ्यांमुळे उशिरा झालेले लग्न, शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून चाळिशीत जुळलेली सोयरीक, ही त्याची कारणे आहेत. त्यात कमीपणाचे काही नाही. मात्र त्याचा हिशेब वेगळा असतो, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला. पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये त्यांचा विवाह रमाबाईंशी झाला. दोघांच्या वयात सुमारे वीस वर्षांचे अंतर होते. न्यायमूर्ती १९०१ साली गेले. रमाबाई १९२४ पर्यंत हयात होत्या, म्हणजे पतीच्या मागे तेवीस वर्षे. या काळात त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. घरातील विरोध सोसून पतीने त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले होते. त्या शिक्षणावर त्या पुढे उभ्या राहिल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा तिच्याकडे यावयाचे आहे.

आधी वर्षे मोजा

समजा, नवरा ५८ वर्षांचा आणि बायको ४० वर्षांची आहे. नवरा ७५ वर्षांचा होऊन गेला, तर बायको तेव्हा ५७ वर्षांची असेल. ती ८० वर्षे जगली तर तिला एकटीने तेवीस वर्षे काढावी लागतील. द्राक्षबाग साधारण बारा ते पंधरा वर्षांनी काढून नवीन लावावी लागते. म्हणजे त्या बाईला एकटीच्या जबाबदारीवर किमान एकदा बाग मोडून पुन्हा उभारावी लागणार. खुंटरोप लावणे, कलम भरणे, मांडव, ठिबक आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचा रिकामा काळ, या सगळ्याचा खर्च आला.

महागाई धरा. वर्षाला सहा टक्के महागाई राहिली तर खर्च सुमारे बारा वर्षांत दुप्पट होतो. आज महिन्याला दहा हजारांत चालणारे घर बारा वर्षांनी वीस हजारांवर आणि चोवीस वर्षांनी चाळीस हजारांवर जाईल. 'बँकेत पाच लाख ठेवले आहेत, तिचे भागेल,' असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

काहीच लिहून ठेवले नाही तर काय होते ?

पुष्कळांचा समज असा की, आपल्या मागे सगळे बायकोचेच. कायदा तसे म्हणत नाही. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्यानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची विधवा, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असल्यास आई, या सर्वांना सारखा वाटा मिळतो. मुले पहिल्या पत्नीची असोत की दुसरीची, वाटा सारखाच.

वडिलोपार्जित जमिनीचे गणित थोडे वेगळे आहे. त्यासाठी सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेला एक दावा पाहण्यासारखा आहे. खंडाप्पा मगदूम हे गृहस्थ १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे व तीन मुली होत्या. हिराबाईंनी १९६२ मध्ये आपल्या वाट्यासाठी दावा लावला. त्या वेळच्या कायद्यानुसार, खंडाप्पांच्या हयातीत वाटणी झाली असे मानून बाप, आई व दोन मुलगे यांना प्रत्येकी एक-चतुर्थांश वाटा धरला गेला. मग खंडाप्पांच्या वाट्याचे सहा भाग होऊन त्यातील एक हिराबाईंना मिळाला. एकूण सात-चोविसांश. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८ साली कायम केले. निकाल त्यांच्या बाजूने लागला खरा, पण त्याला सोळा वर्षे लागली.

आता मुलीही जन्मतः सहहिस्सेदार आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क दिला, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याविषयीच्या शंका दूर केल्या. तेव्हा तेच कुटुंब आजच्या कायद्याने धरले, तर आधी सात वाटे पडतील, बापाच्या वाट्याचे पुन्हा सहा भाग होतील आणि विधवेला एकूण एक-षष्ठांश मिळेल. सहा एकरांत एक एकर. मुलींचा हक्क न्यायाचाच आहे, त्याबद्दल तक्रार नको. पण एका एकरावर तेवीस वर्षे काढता येतील का, हा प्रश्न नवऱ्याने हयातीतच स्वतःला विचारला पाहिजे.

दोन गोष्टी स्त्रियांच्या बाजूच्या आहेत. वारशाने मिळालेल्या वाट्याची स्त्री ही १९५६ पासून पूर्ण मालक असते. आणि विधवेने पुनर्विवाह केला तरी पतीकडून एकदा मिळालेला वाटा परत जात नाही. वयाने लहान असलेल्या विधवेला 'लग्न केलेस तर जमीन जाईल' अशी भीती कोणी घातली, तर ती खोटी आहे.

सातबाऱ्यावर नाव

आपल्या जिल्ह्यातील चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. पुढे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालविली आणि शासनाने १९९२ मध्ये परिपत्रक काढून पतीच्या हयातीत, त्याच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्यास वाट करून दिली. वयात मोठे अंतर असलेल्या घरात याचा विचार सर्वांत आधी व्हावा.

त्याहून पक्के काम हवे असेल तर हयातीतच नोंदणीकृत वाटणीपत्र करून पत्नीच्या नावे स्वतंत्र क्षेत्र काढावे, किंवा स्वकष्टाच्या जमिनीचे बक्षीसपत्र करावे. जवळच्या नातलगांना दिलेल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. चालू दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावा. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करीत असाल तर 'आम्हा उभयतांचा सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानुसार अशी अट मोडल्यास बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

मृत्यूनंतरची वारस नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवावी. (आता या पदास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) मृतांची नावे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर राहिल्यामुळेच शासनाला २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. मात्र फेरफार ही महसुली नोंद आहे. तिने मालकी ठरत नाही, मालकी कायद्याने आणि दस्ताने ठरते.

मृत्युपत्र : एका दिवसाचे काम

मृत्युपत्र करणे म्हणजे मरण ओढवून घेणे, हा समज सोडून द्यावा. पीकविमा काढला म्हणून गारपीट होत नाही. मृत्युपत्राविषयी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी.

२. करणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा आणि दोघांनी त्याच्यासमोर सही करावी. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार शक्यतो वयाने लहान व गावात राहणारे असावेत, कारण साक्ष वीस वर्षांनी द्यावी लागेल.

३. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

४. गट नंबर, क्षेत्र, विहीर, पाइपलाइन, मोटार, वाट, घर, ट्रॅक्टर यांचा नावानिशी उल्लेख करावा. जमीन बायकोला आणि विहीर मुलाला, अशी वाटणी भांडणाला आमंत्रण देते. पाण्याची पाळी लिहून ठेवावी.

५. स्वकष्टाची सर्व मिळकत आणि वडिलोपार्जितातील फक्त आपला वाटा, एवढ्याचेच मृत्युपत्र करता येते.

६. पत्नीला पूर्ण मालकी द्यावयाची की हयातीपुरता उपभोग, हे निःसंदिग्ध लिहावे. हयातीपुरता हक्क दिला तर तिला ती जमीन विकता येत नाही आणि कर्जासाठी गहाण ठेवणेही अवघड होते. बाग मोडून पुन्हा लावण्याच्या वेळी नेमकी हीच अडचण येईल. म्हणून निदान काही क्षेत्र तरी पूर्ण मालकीचे द्यावे.

मुले लहान असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. अल्पवयीन मुलाच्या वाट्याला आलेली स्वतंत्र स्थावर मिळकत विकावयाची किंवा गहाण टाकावयाची झाल्यास न्यायालयाची परवानगी लागते. वयाने मोठ्या बापाची मुले लहान असण्याचा संभव अधिक, त्यामुळे हा मुद्दा अशा घरात हटकून येतो.

येथे सांगितलेले वारसा नियम हिंदू वारसा कायद्याचे आहेत. बौद्ध, जैन व शीख बांधवांनाही ते लागू आहेत. मुस्लिम बांधवांचे वाटे त्यांच्या कायद्याप्रमाणे ठरतात. तेथे वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशपेक्षा अधिक मिळकतीचे मृत्युपत्र करता येत नाही.

सावत्र नाते

पहिल्या पत्नीची मोठी मुले आणि त्यांच्याच वयाची सावत्र आई, असे घर असेल तर तोंडी व्यवहारावर विसंबू नये. मुलांना वाटते, हिच्या नावे गेलेली जमीन हिच्या माहेरी जाईल. तिला वाटते, हे मला घराबाहेर काढतील. कायद्यानेही हा गुंता आहे. स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिची स्वतःची मुले व पती हे पहिले वारस होतात. सावत्र मुले पतीचे वारस म्हणून नंतर येतात. यावर उपाय सोपा आहे. पती-पत्नी दोघांनीही मृत्युपत्र करावे आणि मोठ्या मुलांना समोर बसवून त्यातील मजकूर वाचून दाखवावा. जे हयातीत ऐकले, त्यावर मागाहून संशय कमी राहतो.

पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न घेता दुसरे लग्न केले असेल, तर ते कायद्याने लग्नच नव्हे. त्या स्त्रीला विधवा म्हणून वारसा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र बापाच्या मिळकतीत हक्क आहे. अशा स्त्रीसाठी मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र हाच वारशाचा मार्ग उरतो.

पैशाची तजवीज

पेन्शनच्या योजनांत वयाची अट असते आणि येथेच वयातील अंतर उपयोगी पडते. प्रधानमंत्री किसान मानधन योजना २०१९ मध्ये सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यांसाठी ती आहे. वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरल्यास साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. पत्नीलाही स्वतंत्र वर्गणी भरून सामील होता येते. २०१५ पासूनच्या अटल पेन्शन योजनेतही प्रवेशाचे वय १८ ते ४० असून निवृत्तिवेतन १,००० ते ५,००० रुपये आहे. आयकर भरणाऱ्यांना २०२२ पासून तीत नव्याने सामील होता येत नाही. नवऱ्याचे वय उलटून गेले असले तरी बायकोचे असेलच असे नाही. तिची चाळिशी उलटण्यापूर्वी चौकशी करावी.

विम्याबाबत उलट आहे. जाण्याचा संभव नवऱ्याचा अधिक, पण विमा त्याच्या वयाला महाग. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यात पन्नाशीनंतर नव्याने शिरता येत नाही. म्हणून लग्न उशिरा झाले असेल तर नवऱ्याचा विमा लग्नाच्याच वर्षी काढावा. काढताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे पॉलिसी करण्याचा पर्याय निवडावा. अशा पॉलिसीचे पैसे पत्नी-मुलांच्या हक्काचे ठरतात आणि सामान्यतः पतीच्या सावकारांना त्यावर हात टाकता येत नाही. कर्जात असलेल्या बागायतदारासाठी ही तरतूद मोलाची आहे.

बँकेतील खाती 'दोघांपैकी एक किंवा हयात असलेला' या पद्धतीने जोडनावाने ठेवावीत. नॉमिनी म्हणजे मालक, असे मानू नये. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण तो ते वारसांच्या वतीने घेतो. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत एकच नाव असावे. सोसायटीच्या भागांवरही नॉमिनेशन करावे.

सातपूरच्या शेतकऱ्यांसाठी एक विशेष सूचना. येथील जमिनी साठच्या दशकापासून औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या आणि १९८२ मध्ये सातपूर नाशिक महानगरपालिकेत आले. उरलेला तुकडा विकला की एकरकमी मोठा पैसा हाती येतो. महापालिका हद्दीतील शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, म्हणून सौद्यापूर्वीच कर सल्लागाराला विचारावे. आलेल्या रकमेतून आधी पत्नीच्या हयातभराची सोय करावी, मग बंगला आणि गाडी. आजीव निवृत्तिवेतनाची योजना घेतल्यास 'पतीनंतर पत्नीला तितकीच रक्कम' हा पर्याय घ्यावा. पत्नी वयाने लहान असल्याने दरमहाची रक्कम कमी बसेल, पण ती दीर्घकाळ मिळेल.

आजारपण

सत्तरीवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय झाली आहे. पण हे वयाचे कार्ड नवऱ्याला मिळेल, पन्नाशीतल्या बायकोला नाही. तिच्यासाठी अन्य योजनांची किंवा आरोग्य विम्याची वेगळी व्यवस्था पाहावी. तसेच मुखत्यारपत्र दिले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते आणि त्याचे भान हरपले तरी संपते. म्हणून जे दस्त करावयाचे ते शुद्धीत व हिंडते-फिरते असतानाच करावेत.

या हंगामात करावयाची कामे

• सातबारा, आठ-अ, घरपट्टी, विहिरीचे व वीज जोडणीचे कागद एका पिशवीत ठेवून जागा पत्नीला दाखवावी.
• कोणाचे किती देणे व कोणाकडून किती येणे, हे वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात.
• खाती, विमा, सोसायटी येथील नॉमिनेशन तपासावे. जुन्या पॉलिसीवर वारलेल्या आईचे किंवा पहिल्या पत्नीचे नाव राहून गेलेले असू शकते.
• वकिलाचा सल्ला घेऊन मृत्युपत्र करावे आणि दर पाच वर्षांनी वाचून पाहावे.
• लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती करून घ्यावी.
• बाग अर्धलीने किंवा खंडाने देण्याची वेळ आली तर करार लेखी असावा, हे घरात सर्वांना सांगून ठेवावे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम शिकविण्याचे. छाटणीला मजूर कोण आणतो, औषधाची उधारी कोणत्या दुकानात आहे, व्यापाऱ्याकडून पैसे कसे वसूल करावयाचे, बँकेत कोणता कागद भरावा, हे पत्नीला आजपासून बरोबर घेऊन दाखवावे. निफाडच्या त्या न्यायमूर्तींनी दीडशे वर्षांपूर्वी, लोकांची बोलणी ऐकून, आपल्या पत्नीला शिकविले होते. आज आपल्याला कोणी अडविणारे नाही.

भगिनींनो, नवऱ्याने विषय काढला नाही तर तुम्ही काढा. त्यात अभद्र काही नाही. बाजरी निघाल्यावर तूर उभी राहावी यासाठी पेरणीच्या दिवशीच ओळी आखाव्या लागतात.